यंत्रात हरवलेल्या कागदांचा माग



कॉम्प्युटर आता शहरातल्या कचेऱ्यांपुरता राहिलेला नाही. तो ग्रामपंचायतीत आहे, विकास सोसायटीत आहे, दूध संकलन केंद्रावर आहे आणि शाळेत तर आहेच आहे. मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला लॅपटॉप पुष्कळ घरांतून फळीवर दिसतो. आता यंत्र म्हटले की ते कधीतरी बिघडायचेच. विहिरीवरची मोटार जळते, तसा कॉम्प्युटरही एखाद्या दिवशी बंद पडतो. पण मोटार जळली म्हणून विहिरीतले पाणी गेले, असे कोणी म्हणत नाही. कॉम्प्युटर बंद पडला की मात्र माणसाच्या पोटात गोळा येतो. शाळेची पाच वर्षांची निकालपत्रके, मुलीच्या शिष्यवृत्तीचे कागद, बचत गटाचा जमाखर्च, वारलेल्या वडिलांचा एकुलता एक चांगला फोटो. "सगळं गेलं हो!" असे म्हणून माणूस कपाळाला हात लावतो.

असे झाले म्हणजे खरोखर काय जाते, काय राहते, आणि राहिलेले परत कसे मिळवावे, ते आज पाहू.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. पहिली धीराची आहे. यंत्र बंद पडले किंवा कागद दिसेनासे झाले, तरी पुष्कळदा ते आतमध्ये शाबूत असतात. दुसरी सावधगिरीची आहे. असे शाबूत राहिलेले कागद पुढच्या तासा-दोन तासांत कायमचे जाऊ शकतात, आणि जातात ते बहुधा आपल्याच घाईने. पूर्वी खेड्यात रात्री चोरी झाली, तर माग काढणारा जाणता माणूस येईपर्यंत अंगणात कोणाला पाऊल टाकू देत नसत. गर्दीने ठसे तुडवले की माग लागायचा नाही. हरवलेल्या कागदांचेही अगदी तसेच आहे.

हे असे का, ते समजायला यंत्र कागद कसे ठेवते हे थोडक्यात पाहिले पाहिजे. कॉम्प्युटरच्या बोलीत प्रत्येक कागदाला, फोटोला, गाण्याला फाइल म्हणतात, आणि फाइल ठेवण्याच्या जागेला डिस्क म्हणतात. हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात. त्यांच्यावर लोहचुंबकाच्या अतिसूक्ष्म खुणांनी मजकूर लिहिलेला असतो. अशी पहिली डिस्क आय. बी. एम. या अमेरिकन कंपनीने १९५६ साली पुढे आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि ते धूड कपाटाएवढे होते. एवढे असून तिच्यात मावत ती सुमारे ५० लाख अक्षरे! आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये एक लाख कोटी इंग्रजी अक्षरे मावतात.

मग एवढ्या ढिगातून आपला एक कागद यंत्राला सापडतो कसा? तलाठ्याला आपली जमीन सापडते, तसा. तलाठी काही शेताशेतात जाऊन तुमचे नाव शोधीत नाही. तो दप्तर पाहतो. अमुक खातेदार, अमुक गट नंबर, इतके क्षेत्र. डिस्कवरही असे एक दप्तर असते. अमुक नावाची फाइल, अमुक जागी, इतकी मोठी. एकाच खातेदाराची जमीन थोडी ओढ्याअलीकडे आणि थोडी पलीकडे असते, तशी एकच मोठी फाइल डिस्कवर पाच-सहा ठिकाणी तुकड्यांनी पडलेली असू शकते. दप्तरात सगळ्या तुकड्यांची नोंद असते, म्हणून आपल्याला ती सलग दिसते.

आता आपण एखादी फाइल पुसतो, तेव्हा काय होते पाहा. यंत्र त्या शेतात जातच नाही. ते दप्तर उघडते आणि त्या नोंदीवर खूण करते की, ही जागा मोकळी झाली. झाले. शेतातले पीक जसेच्या तसे उभे असते, फक्त उताऱ्यावरचे नाव गेलेले असते. पुढे केव्हातरी नवी फाइल लिहायला जागा हवी होते आणि यंत्र नेमकी तीच जागा निवडते. मग मात्र त्या रानावर नांगर फिरतो आणि जुने पीक मातीत जाते. ते कोणालाच परत आणता येत नाही.

कॉम्प्युटर अचानक बंद पडतो तेव्हाही पुष्कळदा दप्तरच फाटते. लिहिता लिहिता वीज गेली की अर्धी नोंद झालेली असते, अर्धी राहिलेली असते. यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर ते दप्तर त्याला वाचता येत नाही आणि ते म्हणते, डिस्क रिकामी आहे, नवी आखणी करू का? या नव्या आखणीला फॉरमॅट म्हणतात. पडद्यावर हा प्रश्न दिसला, तर होय म्हणू नका.

यावरून पहिला नियम निघतो. कागद गेल्याचे ध्यानात येताच त्या डिस्कवर नवे काहीही लिहिले जाऊ देऊ नका. आपण म्हणाल, "मी काही लिहीत नाही, नुसतं उघडून बघतो." पण यंत्र चालू असले की ते स्वतःच काहीबाही लिहीत असते. इंटरनेट उघडले की चित्रे उतरतात, विंडोज आपली सुधारणा करीत बसते. हरवलेल्या फाइली शोधून देणारे सॉफ्टवेअर कोणी त्याच डिस्कवर उतरवून घेतो, तेव्हा तर आपले पीक शोधायला आपणच ट्रॅक्टर रानात घालतो. म्हणून यंत्र बंद करावे, बाजूला ठेवावे आणि मग विचार करावा.

हा सल्ला मोठ्या कंपन्याही देतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची एक नवी आवृत्ती लोकांच्या यंत्रांवर पाठवायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागल्या की, सुधारणा झाल्यावर आमचे फोटो आणि कागद दिसत नाहीत. चौकशीत असे निघाले की, काही लोकांनी आपले कागद ठेवण्याची जागा पूर्वी दुसरीकडे हलवली होती. त्यांच्या जुन्या जागा आता रिकाम्या असतील असे धरून नवी आवृत्ती त्या काढून टाकीत होती. काहींच्या जुन्या जागेत मात्र कागद राहिलेले होते. कंपनीने वाटप थांबवले, दोष काढला आणि नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा सुरू केले. मधल्या काळात ज्यांचे कागद गेले त्यांना कंपनीने सांगितले ते हेच: यंत्राचा वापर शक्य तितका कमी करा आणि आमच्याशी बोला.

यंत्र बाजूला ठेवल्यावर दुखणे कोणते ते ओळखावे. ढोबळ मानाने दुखणी तीन आहेत.

पहिले दुखणे असे की, यंत्र बिघडले आहे, पण डिस्क धडधाकट आहे. वीज देणारा भाग जळतो, आतली मुख्य पाटी जाते, किंवा विंडोज सुरू होता होता अडकून पडते. अशा वेळी कागदांना काहीच झालेले नसते. घराचे दार अडकले म्हणून आतल्या कणगीतले धान्य संपत नाही. जाणता कारागीर डिस्क काढून, तिला यूएसबीचा जोड लावून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडतो आणि कागद उतरवून घेतो. डिस्क न काढताही एक उपाय आहे. लिनक्स नावाची मोफत प्रणाली पेनड्राइव्हवर घालून यंत्र त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करता येते आणि आतले कागद बाहेरच्या डिस्कवर घेता येतात.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. तालुक्याच्या दुकानात यंत्र नेले की, पुष्कळदा कारागीर म्हणतो, "काही नाही, विंडोज नवीन टाकून देतो." त्याचे काम यंत्र चालू करून देणे हे असते, आणि नवे विंडोज टाकले की यंत्र चालू होते. पण ते टाकताना जुनी आखणी पुसली गेली, तर कागदही गेले. म्हणून यंत्र त्याच्या हाती देण्यापूर्वी स्पष्ट सांगावे, शक्य तर चिठ्ठीवर लिहून द्यावे: आधी माझे कागद दुसऱ्या डिस्कवर काढा, मला दाखवा, मग दुरुस्ती करा.

नव्या लॅपटॉपांची आणखी एक गोष्ट आहे. त्यांच्या डिस्कला पुष्कळदा आतून कुलूप असते. विंडोजमध्ये त्या कुलपाला बिटलॉकर म्हणतात. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने यंत्र प्रथम सुरू केले, त्या खात्यात ही किल्ली बहुधा जपून ठेवलेली असते, आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. शाळांनी याचा विचार आधीच करावा. यंत्र एका शिक्षकाच्या नावाने सुरू केलेले असते, त्या गुरुजींची बदली होते, आणि तीन वर्षांनी किल्ली कोणाकडे आहे तेच कोणाला ठाऊक नसते. आजच ती किल्ली कागदावर उतरवून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवणे बरे.

कधी यंत्र व्यवस्थित सुरू होते, पण पडदा कोरा करकरीत दिसतो. आपले फोल्डर नाहीत, फोटो नाहीत. अशा वेळी घाबरू नये. बिघाडानंतर विंडोजला आपले नेहमीचे घर उघडता आले नाही, तर ते आपल्याला एका तात्पुरत्या घरात उतरवते. आपले खरे घर 'सी' ड्राइव्हमधल्या यूझर्स या फोल्डरमध्ये आपल्या नावाने शाबूत असते. या तात्पुरत्या घरात नवे काम मात्र करू नये, कारण बाहेर पडताच तेथले सारे पुसले जाते. तसेच विंडोज जुन्यावरच नव्याने टाकले असेल, तर जुने सामान 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये पडलेले असू शकते. ते साधारण १० दिवसांनी आपोआप काढून टाकले जाते, म्हणून शोध लवकर घ्यावा. वनड्राइव्हची सोय चालू असेल तर डेस्कटॉपवरचे कागद तिकडे गेलेले असतात. तेथेही पाहावे.

मराठीत काम करणाऱ्यांना एक वेगळाच चकवा बसतो. कागद सापडतो, उघडतो, पण आत भलतीच इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे दिसतात. माणूस म्हणतो, "फाइल सडली." पण ती सडलेली नसते. श्रीलिपी, कृतिदेव, सी-डॅकचा सुरेख अशा जुन्या पद्धतीच्या टंकांत तो मजकूर लिहिलेला असतो, आणि नव्या यंत्रावर तो टंक नसतो. टंक बसवला की मजकूर वाचता येतो. कितीतरी शाळांचे आणि संस्थांचे जुने कागद अशा टंकांत आहेत. ते कचरा म्हणून पुसण्यापूर्वी एवढी खातरजमा जरूर करावी. आणखी असे की, या कागदांतला मराठी मजकूर टाकून शोध घेतला तर यंत्राला तो सापडत नाही. त्यांचा शोध तारखेवरून घ्यावा.

आता दुसरे दुखणे. डिस्क चांगली आहे, यंत्र चांगले आहे, पण फाइल पुसली गेली किंवा दप्तर फाटले. आधी विंडोजची कचरापेटी, म्हणजे रिसायकल बिन पाहावी. पुसलेली फाइल प्रथम तेथे जाते. पण पेनड्राइव्हवरून पुसलेली फाइल तेथे जात नाही, आणि शिफ्ट हे बटण दाबून पुसलेलीही जात नाही. वर्डमध्ये लिहिता लिहिता वीज गेली असेल, तर वर्ड पुन्हा उघडताच ते बहुधा मधला मसुदा स्वतःच समोर ठेवते. जतन न केलेले मसुदे शोधण्याची सोयही त्यात आहे.

कचरापेटीत फाइल नसेल तर माग काढणारी सॉफ्टवेअरे वापरायची. फोटोरेक आणि टेस्टडिस्क ही ख्रिस्तोफ ग्रेनिए यांची दोन सॉफ्टवेअरे मोफत आहेत आणि जगभर वापरली जातात. मायक्रोसॉफ्टचेही असे एक मोफत साधन २०२० पासून मिळते. यांतले फोटोरेक कसे चालते ते कळण्याजोगे आहे. ते फाटक्या दप्तराकडे पाहतच नाही. ते थेट शेतात उतरते. प्रत्येक जातीच्या फाइलीच्या आरंभी ठरावीक खुणा असतात. जेपेग जातीचा प्रत्येक फोटो एकाच प्रकारच्या खुणेने सुरू होतो, पीडीएफ कागदाची खूण वेगळी. पाने पाहून हा हरभरा आणि ही ज्वारी हे आपण ओळखतो, तसे ते खुणा पाहून ओळखते आणि एकेक फाइल वेचून काढते. मात्र नावे दप्तरात राहिलेली असतात, म्हणून वेचलेल्या फाइलींना नुसते आकडे मिळतात. दोन हजार फोटो बिननावाने परत मिळतात आणि घरातल्या सर्वांनी बसून ते ओळखायचे असतात. ते काम कंटाळवाणे आहे, पण कोणी त्याला नाही म्हणत नाही. तुकड्यांनी पडलेली फाइल मात्र या रीतीने अर्धवट येते.

हे काम करताना तीन पथ्ये पाळावीत. सॉफ्टवेअर दुसऱ्या यंत्रावर बसवावे. शक्य असेल तर आधी सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढून त्या नकलेवर शोध घ्यावा. आणि सापडलेले कागद त्याच डिस्कवर परत न ठेवता दुसऱ्या डिस्कवर उतरवावेत.

येथे खरे तेही सांगितले पाहिजे. अलीकडच्या लॅपटॉपांत तबकड्यांऐवजी एसएसडी असते. तिच्यात फाइल पुसली की विंडोज तिला लगेच कळवते, ही जागा मोकळी झाली. मग ती डिस्क सवडीने ती जागा झाडून पुसून ठेवते. या व्यवस्थेला ट्रिम म्हणतात. येथे नांगर आपली वाट पाहत नाही, तो आपला आपण फिरतो. त्यामुळे एसएसडीवरून पुसलेले परत मिळण्याची आशा थोडी. मोबाइलच्या आतल्या साठ्याचेही तसेच, कारण तेथे मजकूर कुलूपबंद लिहिलेला असतो. कॅमेऱ्याच्या किंवा मोबाइलच्या कार्डावरून पुसलेले फोटो मात्र पुष्कळदा मिळतात. गुगल फोटोजमध्ये साठवलेले फोटो पुसल्यावर ६० दिवस तेथल्या कचरापेटीत राहतात, गुगल ड्राइव्हवरचे कागद ३० दिवस राहतात. आधी तेथे पाहावे.

तिसरे दुखणे सर्वांत वाईट. डिस्कच जखमी झाली आहे. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि वाचणारी सुई तबकडीला न टेकता तिच्यावर तरंगत असते. मधले अंतर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते. लॅपटॉप खाली पडला की सुई तबकडीवर घासते. मग टक्-टक्, खर्र असा आवाज येऊ लागतो. हा आवाज ऐकला की त्याच क्षणी वीज तोडावी. पुन्हा एकदा चालू करून पाहू, असे म्हणू नये, कारण प्रत्येक फेऱ्याला तबकडी खरवडली जाते. डिस्क फ्रीजमध्ये ठेवा, आपटा, उघडून फुंकर मारा, असे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांचे ऐकू नये. डिस्क उघडायची ती धूळविरहित खोलीत, या कामाच्या जाणकाराने. येथे कोणतेही सॉफ्टवेअर चालवू नये.

जखमी डिस्कमधूनही किती मिळू शकते, याचे एक उदाहरण जगाच्या माहितीचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अमेरिकन अवकाशयान पृथ्वीकडे परतताना आकाशात फुटले. आपल्या कर्नालच्या कल्पना चावला त्यातच गेल्या. यानात झेनॉन वायूवरचा एक प्रयोग होता आणि त्याच्या नोंदी एका ४०० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कवर होत्या. ती डिस्क काही महिन्यांनी टेक्ससमधल्या एका कोरड्या तळ्यात सापडली. ती करपलेली, वितळलेली होती, आत धूळ शिरलेली होती. जाणकारांनी तबकड्या काढल्या, धुतल्या, नव्या खोळीत बसवल्या आणि ९९ टक्के नोंदी परत मिळवल्या. त्या प्रयोगाचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला.

हे साधले त्याला कारागिरीबरोबर दैवाचीही साथ होती. डिस्क साधारण अर्धीच भरलेली होती, आणि तबकडीला इजा झाली ती नेमकी कोऱ्या भागात. शिवाय तेथे डॉस ही जुनी प्रणाली होती, ती नोंदी इकडे तिकडे विखरून ठेवीत नसे. आपल्या डिस्कचे नशीब असेच असेल असे नाही. पण आकाशातून पडलेली डिस्क वाचता येते, तर टेबलावरून पडलेली कचऱ्यात टाकण्याची घाई का करावी? बंद करून, कापडात गुंडाळून ठेवावी. पैसे जमले म्हणजे वर्षाने नेली तरी चालेल.

कारण या कामाला पैसे लागतात, आणि थोडेथोडके लागत नाहीत. म्हणून खर्चापूर्वी एक यादी करावी. जे पुन्हा मिळण्यासारखे आहे ते एका बाजूला. सातबारा आणि आठ-अ शासनाच्या संकेतस्थळावरून परत काढता येतात. डिजिलॉकरमध्ये असलेले दाखले तेथून मिळतात. शाळेने यू-डायसवर भरलेली माहिती तेथे आहे. त्यासाठी हजारो रुपये घालवू नयेत. दुसऱ्या बाजूला पुन्हा न मिळणारे लिहावे. आजीने सांगितलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, लग्नातले फोटो, गुरुजींनी वीस वर्षे जमवलेल्या गावच्या नोंदी. पैसा आणि मेहनत करायची ती यांच्यासाठी.

आणि फसवणुकीपासून जपावे. "शंभर टक्के परत देतो" असे आधीच सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, कारण डिस्क तपासल्याशिवाय ते कोणालाच सांगता येत नाही. काम नीट करणारा माणूस आधी तपासतो, कोणत्या फाइली मिळतील त्यांची यादी दाखवतो, मग पैशाचे बोलतो. इंटरनेटवर सापडलेल्या मदतीच्या नंबरावर फोन करून अनोळखी माणसाच्या हाती आपले यंत्र दुरून देऊ नये. डिस्कमध्ये बँकेचे कागद असतात, हे विसरू नये. पैशाची फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

हे सारे झाले दुखणे आल्यानंतरचे. पण शेतकरी बियाण्याचे काय करतो? सगळे बी एकाच कणगीत ठेवीत नाही. एक कणगी भिजली, एकीला कीड लागली, तरी दुसरीवर पेरणी होते. कागदांचेही तेच करावे. महत्त्वाच्या कागदाच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक प्रत निराळ्या गावी किंवा निराळ्या घरी असावी. एक यंत्रात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात, किंवा पुण्याच्या मुलाकडे. बाहेरची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी. ती लावलेलीच राहिली, तर खंडणी मागणारे विषाणू यंत्राबरोबर तिलाही कुलूप घालतात, आणि वीज पडली तर दोन्ही एकदम जळतात.

नुसती प्रत असून भागत नाही, ती उघडते का तेही पाहावे लागते. १९९८ साली अमेरिकेत पिक्सार या चित्रपट संस्थेत 'टॉय स्टोरी २' चे काम चालू होते. कोणाकडून तरी पुसण्याची आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली आणि बघता बघता चित्रपटाचा सुमारे नव्वद टक्के भाग गेला. संस्थेकडे राखीव प्रती होत्या, पण उघडायला गेल्यावर कळले की, त्या नीट निघतच नव्हत्या. कोणी तपासून पाहिलेच नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. त्यांना नुकतेच मूल झाले होते, म्हणून त्या घरून काम करीत आणि घरच्या यंत्रावर चित्रपटाची एक प्रत ठेवीत. ते यंत्र गोधड्यांत गुंडाळून मोटारीतून जपून संस्थेत आणले गेले. एका घरातली एक प्रत कोट्यवधींच्या यंत्रसामग्रीला तारून गेली.

३१ मार्च हा दिवस जगात पुष्कळ ठिकाणी प्रती काढण्याचा दिवस म्हणून पाळतात. आपल्याकडे तो हिशेबाचा दिवस आहेच. शाळेने आणि सोसायटीने जमाखर्च मिटवताना त्याच दिवशी प्रत काढावी, एक कागद उघडून पाहावा आणि नोंदवहीत तारीख लिहावी. घरच्यांनी तरी मार्चची वाट कशाला पाहावी? ज्या एका गोष्टीवाचून तुमचे अडेल, किंवा जिच्यावाचून तुम्हाला चुटपूट लागून राहील, ती आजच संध्याकाळी दिवेलागणीनंतर दुसऱ्या जागी उतरवून घ्या. आणि यंत्राजवळच्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवा: कागद दिसेनासे झाले, तर आधी हात थांबवा.